मिस्टरांची इच्छा

लाल शर्ट माझ्याकडे नव्हता आणि त्यावाचून माझं कधी अडलंही नव्हतं. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून सगळी नोकरी मी पांढऱ्या नाहीतर मातकट शर्टांत काढली, आणि निवृत्त झाल्यावर तेच शर्ट घरी घालून झिजवत आलो. त्यामुळे गेल्या फेब्रुवारीत बायकोने एक नवाकोरा लालभडक शर्ट पलंगावर टाकला आणि "हा घाला, अकोल्याले जायाचं हाय" म्हणाली, तेव्हा मला वाटलं, कुणाचं तरी लग्न आहे आणि मी विसरलो.

लग्न नव्हतं. तिच्या कराओके क्लबची 'रोमँटिक दुपार' होती. अमरावती आणि अकोल्याच्या क्लबांनी मिळून अकोल्याला एक लॉन घेतलं होतं. सकाळी नाश्त्यापासून ऊन उतरेपर्यंत फक्त प्रेमगीतं, सगळ्यांनी लाल कपडे घालायचे आणि नवऱ्यांनी यायचंच.

"नवऱ्यांचं तिथं काय काम?" मी विचारलं.

"बसाचं. आयकाचं. टाया वाजवाच्या."

"अन् दुपारीच काहून? प्रेमाचे गाने रात्री म्हनत असते लोकं."

"रात्री कोनाले दिसते, अन् कोनाले गाडी चालवता येते?" ती म्हणाली.  आमच्या वयाच्या लोकांचा प्रणय दिवसाउजेडीच उरकावा लागतो हे मला तेव्हा पटलं, पण बाकीचं काही कळलं नव्हतं.

माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. भातकुलीकडच्या एका खेड्यात तिने वर्षानुवर्षं अपडाऊन केलं. तिचा गळा चांगला आहे हे आमच्या वस्तीत सगळ्यांना माहीत होतं, पण ते विहारात वंदना म्हणण्यापुरतं. निवृत्तीनंतर शेजारच्या बाईने तिला क्लबात नेलं आणि घरातलं वातावरण बदललं. कराओके म्हणजे काय ते मला आधी ठाऊक नव्हतं. गाण्यातला गाणाऱ्याचा आवाज काढून टाकलेला असतो, नुसती वाद्यं वाजतात, शब्द पडद्यावर येतात आणि आपण म्हणायचं. ती सराव करायची तो स्वयंपाकघरात, कानात इयरफोन घालून. त्यामुळे मला युगलगीतांतल्या फक्त बाईच्या ओळी ऐकू यायच्या. मधे ती एकदम गप्प व्हायची, फोडणी हलवत हसायची, आणि मग पुढची ओळ म्हणायची. म्हणजे त्या मधल्या वेळात कुणीतरी पुरुष तिच्या कानात गात असायचा. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत ते ऐकत असे, आणि नेमकं काय वाटून घ्यावं ते मला समजत नसे.

पण खरं सांगायचं तर त्या दिवशी माझं चित्त गाण्यांत नव्हतंच. दोन दिवसांनी, सोमवारी, आमचं अमरावतीचं घर विकल्याचे कागद व्हायचे होते. तिवश्याचं गिऱ्हाईक होतं, सौदा ठरला होता, आणि आम्ही कायमचे मुलाकडे पुण्याला जाणार होतो.

हे कसं ठरलं ते मला नीट सांगता येत नाही. एवढं आठवतं, की दिवाळीत आम्ही पुण्याला गेलो होतो आणि परत निघताना नात आजीच्या पदराला लोंबकळली. तिला सोडवताना माझीही पंचाईत झाली. मग गाडीत बायको जी रडायला लागली, ती अमरावतीजवळचं बडनेरा येईपर्यंत डोळे पुसत होती. समोरच्या बर्थवर बसून मी ते पाहिलं आणि मनाशी ठरवलं, की हिचा जीव पुण्यात आहे, आता हिला इथे ठेवण्यात अर्थ नाही. मला स्वतःला पुण्याचं नाव काढलं तरी कसंसंच होतं. तिथे मी साधं "किती झाले?" विचारलं तरी भाजीवाला दचकतो, त्याला वाटतं मी भांडतो आहे. मुलाच्या सोसायटीचा वॉचमन मला दर वेळी "कुणाकडे जायचंय काका?" असं विचारतो. रोज फिरून परत येणाऱ्या माणसाने रोज काय सांगायचं? इथे अमरावतीत मी घर बांधताना प्रत्येक विटेवर पाणी मारलं आहे. पण बाईमाणसाने हयातभर माझ्यासाठी केलं, आता तिच्यासाठी आपण एवढं करू, असा विचार करून मी मुलाला फोन लावला. "तुह्या आईले तिकडंच राहाचं हाय," मी सांगितलं, "पन तू तिले तसं इचारू नको. ते लाजंल, नाईच म्हनंल."

मुलगा समजूतदार. त्याने आईला तसं काही विचारलं नाही. महिनाभरात मोठा फ्लॅट घेऊन टाकला, आणि मग घराला गिऱ्हाईक लागलं. घरात आम्ही दोघं या विषयावर बोललो ते भांडी कोणती न्यायची आणि कोणती नाही एवढंच. ती म्हणाली, "पितयेचं घंगाय न्याचं का?" मी म्हणालो, "तुले वाटलं त ने." ती म्हणाली, "तुमाले वाटलं त." ते घंगाळ अजून तिथेच आहे.

तर त्या शनिवारी क्लबने केलेल्या गाडीत बसून आम्ही निघालो. मागे सगळ्या बाया लाल साड्यांत, मी पुढे ड्रायव्हरजवळ त्या शर्टात. मूर्तिजापूर येईपर्यंत मागे गाणी चालू होती. ड्रायव्हर अधूनमधून माझ्या शर्टाकडे पाहायचा आणि पुन्हा रस्त्याकडे. मी खिडकीतून तुरीची कापलेली रानं पाहत बसलो आणि हे सगळं आता दिसणार नाही असं मनात येत राहिलं. मागच्या गाण्यात तेव्हा कुणीतरी कुणालातरी मिठीत ये म्हणत होतं.

लॉनच्या दाराशी लाल-पांढऱ्या फुग्यांची कमान होती. मंडपात ऊन तापायला लागलं होतं, आणि थोड्या थोड्या वेळाने एखादा फुगा फटकन फुटायचा, की सगळे दचकून हसायचे. दाराशी एक बाई येणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर बदामाचं चिकटपट्टीचं चित्र लावत होती. "मले नको," मी म्हणालो. "भाऊ, नेम हाय," असं म्हणून तिने ते माझ्या खिशावर थापलंच. मी हुज्जत घातली असती, पण तेवढ्यात तिने बायकोला पाहिलं, तिच्या गळ्यात पडली आणि रडायलाच लागली. मला कळेना. बायकोनेही तिच्या पाठीवर हात फिरवला. मग त्या बाईने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी कुणाचं तरी पाणी बंद करून आलो आहे. नोकरीत अशा नजरा मी खूप झेलल्या, पण तेव्हा मी खरंच पाणी बंद केलेलं असायचं.

आत सगळ्यांचंच वागणं विचित्र होतं. नाश्त्याच्या आलुबोंड्याच्या रांगेत एक जण म्हणाला, "चालले म्हनते, भाऊ, पुण्याले?" मी म्हणालो, "हो." तो म्हणाला, "बरं हाय बावा तुमचं." आणि पुढे सरकला. बरं आहे म्हणताना त्याचा चेहरा अजिबात बरा नव्हता. दुसरीने मला खुर्ची दिली, पण पंख्यापासून लांबची. ओळख नाही पाळख नाही, आणि सगळे मला ओळखून होते. मी बायकोला विचारलं, "मी या लोकायचं काही बिघडवलं का?" ती म्हणाली, "तुमी बसा ना आरामात." तिचा चेहरा सकाळपासून जरा ओढलेला होता. साडी नेसायला वेळ लागला म्हणून असेल असं मी धरून चाललो.

कार्यक्रम सुरू झाला आणि माझा गोंधळ आणखी वाढला. कारण तिथली रीत अशी, की नवरा-बायकोने एकत्र गायचं नाही. हा क्लबचा नियमच आहे. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने मला समजावून सांगितलं. मागे चांदूर बाजारचं एक जोडपं गायला उभं राहिलं होतं. नवऱ्याची ओळ चुकली तेव्हा बायकोने माइकवरच त्याचा उद्धार केला आणि बोलता बोलता ती सासूपर्यंत गेली. तेव्हापासून जोड्या बाहेरच्याच लावतात. आणि बाहेरच्या म्हणून एकमेकांना 'ताई' आणि 'भाऊ' म्हणायचं. निवेदन करणारा, एक निवृत्त मास्तर, मोठ्या गोड आवाजात म्हणायचा, "आता अमरावतीच्या ताई आणि अकोल्याचे भाऊ आपल्यासमोर अत्यंत रोमँटिक असं युगलगीत सादर करतील." आणि मग ते भाऊ त्या ताईंना 'तुझ्यावाचून मला झोप नाही' अशा अर्थाचं काही ऐकवायचे. खाली त्या ताईंचे मिस्टर मान डोलवायचे.

"तुमाले काही वाटत नाई का?" मी शेजाऱ्याला विचारलं. त्याची बायको तेव्हा स्टेजवर उभी होती.

"काय वाटाचं?" तो म्हणाला. "थे दोघं एकमेकाले पाहूनच नाई राहिले."

खरंच पाहत नव्हते. दोघंही समोरच्या पडद्याकडे पाहून म्हणत होते, कारण शब्द तिथे होते. पुरुषाच्या ओळी निळ्या, बाईच्या गुलाबी, आणि दोघांनी म्हणायच्या त्या पिवळ्या. शब्दांवरून रंग सरकत जायचा आणि त्याच्या मागे माणसं धावायची. म्हणजे प्रेम चाललं होतं ते नेमकं कुणाचं कुणावर, याचा मी बराच वेळ विचार केला आणि सोडून दिला.

आणखी एक रीत होती. गायच्या आधी प्रत्येकाने माइकवर सांगायचं, की हे गाणं मी कुणाला अर्पण करतो. बहुतेक जण नवऱ्याला नाहीतर बायकोला अर्पण करत. मग निवेदक दुसरा माइक घेऊन खाली त्या नवऱ्याकडे जायचा आणि त्याने उभं राहून दोन शब्द बोलायचे. पुरुषांची फार वाईट अवस्था व्हायची. एक म्हणाला, "मी आभारी आहे." एक म्हणाला, "गोळ्या वेळेवर घेत जा." एकाने नुसतं "जय हिंद" म्हटलं आणि तो बसला. मी मनातल्या मनात 'धन्यवाद, छान गा' एवढं पाठ करून ठेवलं. आपल्यावर वेळ आली तर फजिती नको.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा बायकोचं नाव पुकारलं. तिच्यासोबत गाणारे भाऊ अकोल्याचे, शाळेतून निवृत्त झालेले क्लार्क, केस काळेकुट्ट रंगवलेले, अंगात लाल जाकीट. वर जाण्याआधी ते मुद्दाम माझ्याजवळ आले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "ताईले नेऊन राहिले तुमी. क्लबचा आवाज नेऊन राहिले." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला रागच आला. मी म्हणणार होतो, 'मी कायले नेतो बावा, थेच मले नेऊन राहिली,' पण तेवढ्यात स्पीकर किंचाळला आणि ते वर गेले.

बायको माइकपाशी उभी राहिली. माइकवर ती शाळेतली मराठी बोलते. "नमस्कार," ती म्हणाली. "हे गाणं मी आमच्या मिस्टरांना अर्पण करते. तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे, परवा सोमवारी आमच्या घराचे कागद होत आहेत. मुलाजवळ पुण्याला राहायची आमच्या मिस्टरांची फार इच्छा आहे. त्यांची इच्छा तीच माझी. तेव्हा तुमच्यासोबतचं माझं हे शेवटचं गाणं."

मागे कुणीतरी नाक ओढलं. मग टाळ्या झाल्या, बऱ्याच वेळ. आणि मी, सांगायला लाज वाटते, क्षणभर मागे वळून पाहिलं, की हे कोण मिस्टर आहेत ज्यांना पुण्याला जायची इच्छा आहे.

निवेदक माइक घेऊन माझ्यापुढे आला. "भाऊ, दोन शब्द."

मी उभा राहिलो. 'धन्यवाद, छान गा' हे पाठ केलेलं होतं. पण तोंडातून निघालं ते असं: "माही इच्छा? कोनं सांगतलं तुले?"

सगळा मंडप हसला. त्यांना वाटलं, मी गंमत करतो आहे. बायको हसली नाही. तिने माइक खाली न घेता तसंच विचारलं, "म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे? मी कधी म्हटलं मले जायाचं हाय?"

"तुमी बापूले फोन केला नाई का?" बापू म्हणजे आमचा मुलगा, आम्ही त्याला तसंच म्हणतो. "थो मले म्हने, बाबाचा फोन आलता, यायचं म्हनते."

"मी तुह्यासाठी केला फोन! तुले जायाचं हाय म्हनून!"

"मले?"

"दिवाईले तू गाडीत बडनेऱ्यापर्यंत रडत नाई आली का?"

"रडली त मंग काय झालं?" ती आता माइकवरच कडाडली. "नात सोडून येताना मानूस रडत नाई का? बाई रडली म्हनून घर इकून टाकाचं?"

"मंग तू नाई काहून म्हटलं नाई?"

"तुमचं ठरलं होतं! मले वाटलं, म्हातारपनी याले पोराजवळ राहाचं हाय, याचे गुडघे दुखते, आता आपन काहून आडवं याचं. मी त लुगडेही वाटून टाकले, माय!"

मंडपात कोणी हसत नव्हतं. आणि तेवढ्यात, गाणं लावणाऱ्या मुलाच्या काय लक्षात आलं कुणास ठाऊक, त्याने ट्रॅक सुरू केला. व्हायोलिनं वाजली. पडद्यावर निळी ओळ आली, तिच्यावरून रंग सरकत गेला, ती निघून गेली. गुलाबी आली, तीही गेली. लाल जाकीटवाले भाऊ माइक छातीशी धरून कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे पाहत होते. पिवळी ओळ आली तरी कोणी काही म्हणालं नाही. वाद्यं एकटीच वाजत राहिली.

शेवटी निवेदकाने धीर केला. माइकमध्ये अगदी हळू म्हणाला, "मंग नेमकं जायाचं कोनाले हाय?"

मी बायकोकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे. आणि दाराशी रडणारी ती बदामवाली बाई मागून ओरडली, "कोनालेच नाई!"

त्यानंतर जो गोंधळ झाला तो मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतो. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, कुणीतरी शिट्टी मारली, माझी खुर्ची कुणीतरी उचलून थेट पंख्याखाली नेऊन ठेवली. मला आनंद झाला होता हे नक्की.  आणि त्याच वेळी मला इतका संताप आला होता, की कुणावर काढू ते कळत नव्हतं. चार महिने आम्ही दोघांनी एकमेकांसाठी मन मारलं, तेही एका छताखाली राहून, एका ताटातली भाकर मोडून खात. तिचं म्हणणं मला माइकवरून कळावं, आणि माझं तिला! ट्रॅक पुन्हा पहिल्यापासून लावला. ती गायली, पण काय गायली ते मला ऐकू आलं नाही. मधे एकदोन गुलाबी ओळी तिच्याकडून सुटल्या आणि त्या भाऊंनीच म्हणून टाकल्या.

गाणं संपताच ती खाली उतरली ती थेट माझ्याकडे, आणि मला दंडाला धरून मंडपाबाहेर घेऊन गेली. मागच्या बाजूला जेवणाची तयारी चालली होती. गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे जाड रोडगे भाजत होते, बाजूला वांग्याच्या भाजीचं पातेलं. धुराने दोघांचे डोळे चुरचुरत होते, त्यामुळे कोण रडतं आहे ते कळायला मार्ग नव्हता.

"एवढे दिवस बोलता नाई आलं तुमाले?"

"तुले आलं का?"

"मी बाईमानूस."

"हे बरं हाय," मी म्हणालो. "आता बाईमानूस. माइकवर कोन होतं मंग?"

ती हसली. मग हसतच राहिली, पदर तोंडाला लावून, आणि मीही हसायला लागलो. रोडगे फिरवणारा माणूस आमच्याकडे पाहायला लागला, कारण लाल कपडे घातलेली दोन म्हातारी माणसं उन्हात उभी राहून अशी हसताना त्याने पाहिली नसतील. मला त्या क्षणी ती फार आवडली. लग्नाच्या वेळी आवडली होती तेवढी, किंवा जास्तच. हे मी तिला म्हणालो नाही, पण लिहून ठेवतो.

"लावा फोन," ती म्हणाली. "आत्ताच. सोमवारपर्यंत थांबू नका. गिऱ्हाईकाले मी पाहून घेतो, तुमी बापूले सांगा."

मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"बोला बाबा," मुलगा म्हणाला. "कसा चाललाय कार्यक्रम? आई गायली का?" तो पुण्याला गेल्यापासून पुण्यासारखं बोलतो. सुनेसमोर, ऑफिसात, आमच्याशीही. त्यात काही वावगं नाही, तोंडाला वळण पडतं.

"गायली," मी म्हणालो. "बापू, एक गोष्ट हाय. थे घराचं..."

"कागद सोमवारीच आहेत ना? मी येतोय रविवारी."

"येऊ नको. म्हंजे ये, पन त्यासाठी येऊ नको. आमचा इचार... आईले यायचं नाई, बापू."

"आईला?" तो गडबडला. "पण तुम्हीच म्हणालात, आईला इकडेच राहायचंय."

"मले तसं वाटलं होतं. नाई हाय तसं."

"मग तुम्हाला? तुम्हाला तर यायचंय ना, बाबा? आईच तसं म्हणाली होती..."

मी बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली, म्हणजे सांगून टाका.

"मले बी नाई," मी म्हणालो.

 तिकडे नात आत कुठेतरी खेळत होती, तिचं बोलणं ऐकू येत होतं. आपण मुलाला ही आनंदाची बातमी देतो आहोत असं का कुणास ठाऊक, मी इतका वेळ धरून चाललो होतो. आता ते तसं नव्हतं हे माझ्या लक्षात यायला लागलं, पण मग काय होतं तेही समजेना.

"दोघांनाही नाही," तो म्हणाला. आणि मग तो त्याच्या शाळेतल्या दिवसांसारखा बोलायला लागला. "मंग मले काहून नाई सांगतलं, बाबा? मी काल मिस्तरी लावला. तुमी दिवाईत बाथरूममंधी घसरले होते ना, म्हनून तिथं धराले दांडी बसवून घेतली. नवी फरशी फोडली. माह्या हातानं उंची मोजली, तुमचा खांदा किती खाली आला त्या हिशोबानं."

बायकोने माझा दंड घट्ट धरला. मंडपात पुढचं गाणं सुरू झालं होतं. मला काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तिलाही. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो, ती माझ्या.

"बाबा? हाय ना तुमी?"

"हाय, बापू," मी म्हणालो. "हाय ना आमी."